लिहिलंस का गं?

मास्तर आजारी पडल्यापासून येणारा-जाणारा म्हणतो, "काय गोड बोलायचे हो मास्तर!" आणि मास्तरीणबाईंचं डोकं फिरतं. कसलं गोड नि कसलं काय! ही माणसं एका चहाच्या कपावर जेवढं बोलतात, तेवढं त्या माणसाला अख्खा आठवडा पुरायचं. पुढे शिवणाचं दुकान, मागे घर, मधे एक पडदा. दिवसभर काय तो आवाज मशीनचा.

बोलणं व्हायचं ते मापं घेताना. मास्तर टेप घेऊन गिऱ्हाइकासमोर उभे राहायचे आणि बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसायच्या. "छाती अडतीस," असं मास्तर म्हणणार, "अडतीस," असं बाई लिहिता लिहिता म्हणणार. त्यांचा आकडा परत आल्याशिवाय मास्तरांची टेप पुढे सरकायची नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाईंनी अर्धवट ऐकून काहीतरी लिहिलं होतं आणि एका जाडजूड हेडमास्तरांचा कोट त्यांच्या शाळकरी मुलाला बसला होता. तेव्हापासून हा दुकानाचा कायदाच झाला.

शेवटचं माप झालं की मास्तर मान वळवून विचारायचे, "लिहिलंस का गं?" एवढाच काय तो त्यांचा संसार. सकाळी भांडण झालेलं असलं तर नुसतं कोरडं "लिहिलंस का" यायचं. मग बाई मुद्दाम मान वर करायच्या नाहीत. दुपारपर्यंत दोन-तीन गिऱ्हाइकं होईतो ते "गं" मुकाट्याने परत यायचं. चाळीस वर्षं त्यांचे रुसवे असेच निघत आले.

आजार आला तो शब्दांवरच हात मारत. आधी कात्रीला "ते हे" म्हणायला लागले. मग लेकीचं नाव गेलं. मग वाक्यं अर्ध्यावर थांबायला लागली आणि शेवटी तीही बंद झाली. भूक लागली की नुसतं ताटाकडे बघायचं. डॉक्टर म्हणाले, अल्झायमर आहे, तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा. बोलत राहा म्हणे! स्वतः एक दिवस भिंतीशी बोलून बघावं म्हणजे कळेल. बाई तरीही बोलत राहिल्या. चार महिने उत्तर म्हणून एक हुंकारसुद्धा आला नाही. दुकानही त्याआधीच बंद करावं लागलं होतं.

एकदा आवराआवर करताना त्यांनी टेप सहज मास्तरांच्या हातात दिली. हात आपोआप वर आले. मास्तरांनी समोर उभ्या असलेल्या बाईंच्या खांद्याला टेप लावली आणि अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, "खांदा चौदा."

बाईंना रडूच फुटलं. "चौदा," त्या कशाबशा म्हणाल्या.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही नका बोलू, बाई. ती लिहितेय ना." असं म्हणून ते कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबले. उत्तर येईना. पुन्हा म्हणाले, खांदा चौदा. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज कापत होता. टेप खांद्यावरून हलेना. बाई धावत जाऊन खुर्चीत बसल्या, तर समोर मापाला माणूसच उरला नाही. टेप खाली आली आणि मास्तर होते तसे झाले. मग रोज सकाळी हाच खेळ सुरू झाला. बाई उभ्या राहायच्या, मास्तर बोलायचे; बाई खुर्चीकडे पळायच्या, मास्तर गप्प व्हायचे. बघणाऱ्याला हसू आलं असतं. बाईंना मात्र एकच ध्यास लागला, की मापाला कोणीतरी दुसरं उभं राहावं, आपण खुर्चीत बसावं आणि एकदाच, फक्त एकदा, ते "गं" कानावर पडावं. त्याला उत्तर दिलं की मग पुढे काय व्हायचं ते होवो.

शेजारणींना विचारलं तर एकीचे गुडघे दुखत होते आणि दुसरीला तेवढ्यात गॅसवरचं दूध आठवलं. शेवटी त्यांनी लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या गावाहून सुट्टी काढून आली, तीही कुरकुरत. आई, हे काय खूळ घेऊन बसलीस, असं दोनदा म्हणाली; पण आईचा चेहरा बघून मुकाट्याने उभी राहिली.

बाईंनी केस सारखे केले, चष्मा पुसला आणि वही घेऊन खुर्चीत बसल्या. लेकीने टेप मास्तरांच्या हातात दिली.

"छाती चौतीस."

"चौतीस," बाई म्हणाल्या.

टेप पुढे सरकली. लेकीने डोळे मोठे करून आईकडे बघितलं. कंबर तीस, तीस. उंची एकोणचाळीस, एकोणचाळीस. मास्तरांच्या आवाजाला धार चढत गेली. बाईंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं तरी त्या नुसत्याच कागदावर हात फिरवत राहिल्या. काय म्हणायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. लिहिलं हो, सगळं लिहिलं, अजिबात काळजी करू नका.

"बाही बावीस."

"बावीस."

मास्तरांनी मान वळवली. बोलायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ते पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या बाईंकडे बघत राहिले. मग टेप गळ्यात टाकून जवळ आले आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही इथे नका बसू. इथे आमची ही बसते."

"बाबा, आईच आहे ती," लेक म्हणाली.

त्यांनी लेकीकडे बघितलंही नाही. ते जरा वाकले. "येईल ती एवढ्यात. उठता का जरा?"

बाई उठल्या. मास्तरांनी खुर्ची तळहाताने स्वच्छ पुसली आणि पडद्याकडे बघून हाक मारली, "अगं, ये ना गं. गिऱ्हाईक खोळंबलंय."

वही छातीशी धरून बाई तिथेच उभ्या राहिल्या. ओ द्यायची त्यांची हिंमत झाली नाही.