पट्टी आधी भिजवायची

माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, जन्मभर गाड्यांच्या सायलेन्सरच्या पाइपांना पट्ट्या गुंडाळत आले. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, "हे कसलं काम गं? आजारी गाड्यांचा कंपाउंडर का?" आईनं डोळे वटारले. माझं हे असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला. ते बोलणं भाऊजींच्या कानावर गेलंच, आणि पुढं कायम ते आमच्या दारात उभे राहून हाक द्यायचे, "मेहुणीबाई, कंपाउंडर आलाय!"

बस डेपोच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं आपलं, होती पत्र्याची एक लांबट खोली. मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर टांगलेले वाकडेतिकडे पाइप आणि दाराशी पाण्यानं भरलेलं घमेलं. इंजिनातून निघालेला पाइप निखाऱ्यासारखा तापतो आणि जुन्या बसमध्ये तो ड्रायव्हरच्या पायाखालून जायचा. पोटऱ्या भाजलेले, बुटांचे तळ वितळलेले ड्रायव्हर भाऊजींकडे यायचे. भाऊजी पाइप उतरवून तारेच्या ब्रशनं घासायचे, हातोडीच्या दांड्यानं ठोकून कान लावायचे. आवाज फुटका आला की पाइप आधी वेल्डिंगला. कोणी घाई केली तर म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकलेला पाइप नसतो. पट्टी चढली की आत काय कुजतंय ते कुणाला दिसत नाही."

पट्टी पांढरी, जाड, विणलेली असायची. तिचं भेंडोळं ते घमेल्यात भिजत घालायचे. कोरडी पट्टी हाताळली की तिची कूस, म्हणजे बारीक बारीक तंतू, उडते, मानेला खाज सुटते. ओली केली की मुकाट बसते, आणि वाळताना पाइपाला आवळून धरते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे, टोकाला तारेची गाठ, झालं. गाडी पहिल्यांदा चालू केली की पट्टीतून भसाभस धूर निघायचा आणि ड्रायव्हर घाबरून उडी मारायचा. भाऊजी हसायचे. कुणीही काही शिकायला आलं तरी त्यांचं एकच सांगणं असायचं, "आधी भिजवायची."

एवढा निगुतीचा माणूस घरी मात्र पाण्याचा पेला हातानं घ्यायचा नाही. मला याचा फार राग यायचा. कामावरून आले की शर्ट खुंटीला, पँट खुर्चीवर. कपड्यांवर वाळून पांढरी कूस साचलेली, कापूस पिंजून आल्यासारखी. ताई ते कपडे उचलून मागच्या दाराशी न्यायची, कठड्यावर आपट आपट आपटायची, दोन्ही हातांनी झटकायची आणि मगच बादलीत टाकायची. म्हणायची, "न झटकता भिजवले तर सगळं पाणी पांढरं होतं बाई, दुसऱ्या कपड्यांना चिकटतं." दारात ऊन असलं की ती कूस उन्हात तरंगताना दिसायची. मी बाजूला बसून चहा पीत गप्पा मारायचे.

उरलेले तुकडे भाऊजी ताईसाठी घरी आणायचे. पट्टी काही केल्या जळत नाही, याचं त्यांना भारी कौतुक. ताईनं त्या तुकड्यांतून भांडी उतरवायची फडकी शिवली, इस्त्रीखाली घालायची गादी शिवली. दुसऱ्यांच्या बायका दागिने मिरवतात, माझी बहीण फडकी मिरवायची. उकळतं पातेलं दोन हातांत धरून दाखवायची, "बघ, चटका नाही की काही नाही." भाऊजी तिकडून म्हणायचे, "ड्रायव्हरांचे पाय वाचवतो, बायकोचे हात नको वाचवायला?" प्रेम करायची त्यांची ही रीत होती. त्यांना दुसरी येत नव्हती.

पुढं ती पट्टी बाजारातून गेली आणि काचेच्या धाग्याची नवी आली. का गेली, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. "चांगल्या वस्तू बंदच पडतात," असं म्हणून भाऊजींनी जुन्या पट्टीचं शेवटचं भेंडोळं घरच्या कपाटात जपून ठेवलं.

ताईला धाप लागायला लागली तेव्हा तिची लेक लग्न होऊन सासरी रमली होती. आधी जिना चढताना, मग भांडी घासताना, मग नुसतं बोलताना. दवाखान्यात मी बरोबर गेले. छातीची डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. फोटो उजेडावर धरून तिनं ताईला विचारलं, "काम काय करत होता?"

"काम कुठलं? घरीच असते मी," ताई म्हणाली.

"आणि यजमान?"

मला कुठं गप्प बसवतंय! "पाइपांचे कंपाउंडर आहेत, पट्ट्या गुंडाळतात," मी म्हणाले. डॉक्टरीण हसली नाही. तिनं फोटो खाली ठेवला.

"पांढऱ्या पट्ट्या? अ‍ॅस्बेस्टॉसच्या? त्यांचे कपडे कोण धुतं?"

ताईनं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

डॉक्टरिणीनं काही लपवलं नाही. ती कूस म्हणजे दगडाचा धागा. छातीत गेला की तिथंच रुततो, वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग एक दिवस उठतो. यावर औषध नाही, फक्त त्रास कमी करता येईल. भाऊजींना काहीच कसं झालं नाही, असं मी विचारलं, अगदी भांडल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे सांगता येत नाही. ते ओलं काम करत होते, ह्या कोरडे कपडे झटकत होत्या, एवढाच फरक दिसतो.

जिन्यात ताई धापा टाकत कठड्याला टेकली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "ह्यांना सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

"का नाही सांगायचं? तुझा जीव चाललाय!"

"सांगितल्यानं राहणार आहे का? त्यांनी आयुष्यात माझ्यासाठी म्हणून जे जे आणलं, ते हेच होतं. ते तरी राहू दे."

तर मी गप्प बसले. मी! भाऊजींना वाटायचं, बहिणीच्या काळजीनं मेहुणीची जीभ आखडली. स्वयंपाकघरात ती फडकी दिसली की माझं रक्त उकळायचं. एकदा वाटलं, नेऊन जाळून टाकावीत. पण मेली ती जळायचीही नाहीत. शेवटी पिशवीत आवळून बांधली आणि कचऱ्याच्या गाडीत टाकली. भाऊजींना सांगितलं, मळली होती.

थंडीत ताईचे पाय गार पडायचे. एका दुपारी मी गेले तर भाऊजी, पेला हातानं न घेणारे भाऊजी, चुलीशी पाणी तापवत होते. त्यांनी गरम पाण्याची बाटली भरली, कपाटातलं भेंडोळं काढून एक लांब तुकडा कापला, बाटलीभोवती वेढ्यावर वेढा निम्मा चढवत गुंडाळला आणि पांघरुणाखाली ताईच्या पायाशी ठेवला. "आता बाजारात मिळत नाही ही," ते मला म्हणाले. "जपून ठेवली होती, बघ कामाला आली."

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

"छान ऊब आहे," ती भाऊजींना म्हणाली.

मी उठून मागच्या दाराशी गेले आणि त्याच कठड्याला धरून रडले. त्या माणसाचा मला असा संताप आला होता, आणि अशी दया येत होती, की कशासाठी रडतेय ते माझं मलाच कळेना. थंडी संपायच्या आत ताई गेली.

त्यानंतर भाऊजी गॅरेजला जाईनासे झाले. घरात काय करतात कळत नव्हतं, म्हणून मी डबा घेऊन जायचे. एक दिवस बघते तर टेबलावर कात्री, सुईदोरा आणि ते भेंडोळं. टेबलभर पांढरी कूस. भाऊजींनी स्वतःच्या हातानं फडकी शिवली होती, वेडेवाकडे टाके घालून.

"ही तुला. आणि ही जोडी लेकीला," ते म्हणाले. "उद्या येतेय ती. पोर रांगायला लागलंय, सारखं चुलीकडं धावतं म्हणे. उरलेल्याची त्याला खाली अंथरायला गादी करतो. आईच्या हातची नाही, पण आईच्या आठवणीची."

त्यांनी एक फडकं उचलून माझ्यासमोर झटकलं. खिडकीतल्या उन्हात कूस तरंगायला लागली.

"ठेवा ते खाली," मी ओरडले. शपथ मोडली. ताईनं शपथ घातली तेव्हा पोर नव्हतं. मी सगळं सांगितलं. डॉक्टरीण काय म्हणाली, कपडे कोण झटकायचं, काय कुठं रुतलं. माझ्या जिभेवर एरवी किती धार असते, पण त्या दिवशी शब्द शोधून शोधून काढावे लागले.

भाऊजींनी हातातलं फडकं अलगद टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "तिला माहीत होतं?"

"हो."

"बाटली ठेवली तेव्हा?"

"हो."

"तरी छान आहे म्हणाली."

मी मान हलवली. ते उठले. मला वाटलं, आता कोसळतील, म्हणून मी पुढं झाले. पण त्यांनी मला हातानं मागं सारलं, दाराबाहेर उभं राहायला सांगितलं. न्हाणीतून पाण्यानं भरलेली बादली आणली. भेंडोळं, फडकी, कात्रणं, एकेक करून हळूच, कूस उडणार नाही अशी, पाण्यात बुडवली. ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, ते फडकंही बादलीत टाकलं. मग बादलीशेजारी खाली बसले, आणि पट्टी वर तरंगू नये म्हणून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून ती दाबून धरून राहिले.