उत्तर आलं नाही म्हणून

कॉम्प्युटरच्या भाषेलाही आवृत्त्या असतात, शाळेच्या पुस्तकासारख्या. नवीन निघाली की जुनी शिकलेल्याची पंचाईत. मी स्वतः बेसिक नावाची भाषा एका फाटक्या पुस्तकावरून शिकले, क्लासबिस काही नाही. ऐंशीच्या दशकाचा शेवट शेवट असेल. वसईतल्या वालीवला एका छोट्या ऑफिसात आम्ही दोघं-तिघं तिथल्याच कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. कुठला सुटा भाग कुठल्या रॅकवर आहे, किती उरलाय, असले.

मग नवी आवृत्ती आली आणि माझं काम दुप्पट झालं. तोच प्रोग्रॅम नव्यात लिहा, तोच जुन्यातही ठेवा. एक चूक सापडली की दोनदा दुरुस्त करा. मी वैतागले होते, खोटं कशाला सांगू.

एके दिवशी साहेब म्हणाले, "बाई, जुनीला अजून किती दिवस पोसायचं? तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. जुनीवाल्या सगळ्या कारखान्यांना पोस्टकार्डं टाकली. जुनी आवृत्ती वापरत असाल तर महिन्याभरात कळवावे, न कळवल्यास वापर बंद आहे असे समजू. एकाचंही उत्तर आलं नाही. मी खूश. फ्लॉप्या तेव्हा महाग, म्हणून जुन्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या माझ्याच हातानं कोऱ्या केल्या आणि त्यांवर नवं भरलं.

आता सांगते माझी अक्कल. मी इथलीच, वसईची. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रणसुद्धा घरी जाऊन, ओट्यावर बसून तोंडी द्यायचं. कार्ड आलं म्हणजे कुणीतरी गेलं, नाहीतर कोर्टाचं लचांड. आणि सगळं ठीक चाललंय हे कळवायला कोण पत्र लिहितं? लोक गप्प होते कारण त्यांचं चाललं होतं. हे मला कळायला नको? साहेब बाहेरचे. मी तर नव्हते.

उमेळ्याची एक विधवा बाई, लांबच्या नात्यातली, एका कारखान्यात जुन्या मशीनवर बसायची. तिला मीच शिकवलं होतं. सातवी पास. इंग्रजी शब्द वाचायची नाही, चेहऱ्यासारखे ओळखायची. फिटर लोक तिला कॉम्प्युटरवाली बाय म्हणायचे, आणि तिच्या रॅकचा नंबर कधी चुकत नसे.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तिनं मला गाठलं.

"बाय, यादी भरली गं. नवीन पार्ट घालायला गेलं की मशीन नाही म्हणतं. जरा वाढवून दे."

"तुमच्या कारखान्यात अजून जुनंच वापरतात?"

"मग? चांगलं चाललंय की."

"कार्ड टाकलं होतं मी."

"ते तुझं होतं? शेठनं वाचून कपाटात टाकलं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "दर रविवारी भेटतेस मला. माझ्याशी बोलायला तुला पोस्टमन लागला?"

यादी वाढवणं तासाभराचं काम. पण गिऱ्हाइकाकडची प्रत नुसती चालायची, उघडून दुरुस्त होत नसे. कुणी चोरू नये म्हणून तशी सोय आम्हीच केलेली. उघडणारी प्रत माझ्याकडे होती, ती मी पुसली होती. साहेबांना म्हटलं, पुन्हा लिहून देऊ का? ते म्हणाले, "एकीसाठी? ठरलं ते तुमच्याच सहीनं ठरलं, बाई."

नवी आवृत्ती जुन्या मशीनवर चालत नव्हती, म्हणून तिच्या शेठनं नवीन मशीन घेतलं आणि मशीनबरोबर क्लास केलेली एक मुलगीही ठेवली. उमेळ्याच्या बाईला पॅकिंगच्या टेबलावर पाठवलं. पगार तोच राहिला, शेठ तसा वाईट नव्हता. पण फिटर आता नंबर विचारायला त्या मुलीकडे जायचे.

मी उमेळ्याला तिच्या घरी गेले. म्हटलं, नवीन शिकवते, महिन्याभरात येईल तुला. ती खोक्याच्या चिकटपट्टीनं खरबरीत झालेली बोटं साबणानं धूत होती. तिनं मला चहा दिला, पाव दिला, घरच्या सगळ्यांची विचारपूस केली. शिकवण्याचं मी दोनदा काढलं, तेव्हा कप उचलत म्हणाली,

"मला येत होतं गं. ते तू बंद केलंस. आता येत नाही म्हणून शिकवायला आलीस होय?"

मी पाव तसाच ठेवून उठले.