मुडपीतला रंग

बाईला तपकिरी रंगाची चौदा नावं पाठ होती. विटकरी, बदामी, काती, चिंचोकी, खारकी, गंजका, तांबूस, राखाडी मिसळलेला, उन्हात उडालेला, अशी ती सुरू झाली की ऐकणाऱ्याचीच दमछाक व्हायची. नुसतं ‘तपकिरी’ कुणी म्हटलं तर ती विचारायची, “डोळ्यांत माती गेलीय का?”

बाईनं चाळीस वर्षं कापड रंगवायच्या कारखान्यात काढली. काम एकच, रंग जुळवायचा. गिऱ्हाइकानं दिलेली चिंधी डाव्या हातात, हौदातून काढलेलं कापड उजव्या हातात. बघायचं आणि म्हणायचं, “अजून एक बुडी,” नाहीतर, “झालं, काढा.” तिच्या “काढा”वर मालकाचीही बोलायची टाप नव्हती. तिचे नियम दोनच. रंग दिव्याखाली बघायचा नाही, सकाळच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीत बघायचा. आणि जुन्या कपड्याचा खरा रंग हवा तर त्याची मुडप उसवायची, कारण दुमडीच्या आत ऊन पोचत नाही, हवा पोचत नाही. “वरच्या रंगावर भाळून माझ्या दोन मैत्रिणींनी लग्नं केली,” ती सांगायची. “नवऱ्याची मुडप उसवता येत नाही ना.”

तिकिटांचा नाद तिला थोरल्या भावामुळे लागला. दादा टपालाच्या छाननीखात्यात होता. नोकरीभर जगाची पत्रं हाताखालून गेली, पण जीव जडला तो तुर्कांच्या जुन्या नॉटपेड तिकिटांवर. पाठवणाऱ्यानं तिकीट लावलं नाही तर घेणाऱ्याला दंड भरून पत्र सोडवावं लागतं. तेव्हा टपालखातं त्या पत्रावर आपलं वेगळं तिकीट चिकटवतं, ते नॉटपेड. दीडशे वर्षांपूर्वी तुर्कांनी त्यासाठी नवं चित्र काढायची तसदीच घेतली नाही. साध्या तिकिटावरची चंद्रकोर आणि तारा तसाच ठेवला, फक्त रंग बदलला. साधं तिकीट हिरवं, पिवळं, निळं, नारिंगी आणि नॉटपेड सगळी तपकिरी. सगळा न्याय रंगावर. म्हणजे बाईच्या हातातलंच काम.

कारखाना सुटल्यावर तिनं याच कामावर नाव कमावलं. संग्राहक डबे घेऊन यायचे, ती खिडकीशी बसून भिंगातून बघायची. हे खरं, हे नव्यानं छापलेलं, याच्या कडेचे दाते मागाहून पाडलेत, याची किंमत इतकी, त्याची चहापुरतीसुद्धा नाही. तिकीटमंडळातले लोक तिला भिंगताई म्हणत.

दादाला मात्र मंडळात वेगळंच नाव होतं. त्याच्याकडे पंचवीस कुरुशचं, म्हणजे तुर्की नाण्यातलं, एक तिकीट होतं, तपकिरी. तो ते नॉटपेड म्हणून मिरवायचा. मंडळातला घड्याळजी, म्हणजे घड्याळं दुरुस्त करता करता तिकिटांचाही व्यापार करणारा माणूस, भर सभेत म्हणाला होता, “हे साधं नारिंगी आहे, काळवंडलेलं.” त्या नारिंगी शाईला गंधकाची हवा लागली की ती तपकिरी पडते, हे खरंच आहे. दादा तणतणत घरी आला. तेव्हा धाकट्या बहिणीनं, म्हणजे बाईनंच, ते तिकीट बघितलं आणि तिकिटांच्या वहीत त्याच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, “नॉटपेड. खात्री.” दादा ती वही घेऊन परत सभेत गेला आणि दारातल्या माणसापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना दाखवून आला. तेव्हापासून मंडळात त्याचं नाव पडलं नॉटपेड. याला बत्तीस वर्षं झाली.

आता दादा अठ्ठ्याहत्तरचा होता आणि दोन्ही कानांनी गेल्यात जमा. वहिनी म्हणायची, “यांच्याशी बोलून बोलून माझ्या नरड्याचा भोंगा झालाय.” कानाची चांगली यंत्रं घ्यायची तर ते पंचवीसचं तिकीट विकायचं, असं ठरलं. आणि ते घ्यायला घड्याळजीच तयार झाला, एका अटीवर. “भिंगताईंनी पुन्हा बघून सांगावं. त्या म्हणतील तो आकडा मी देतो.”

रविवारी सकाळी बाईच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी चौघं बसली. बाईनं चिमट्यानं तिकीट उचललं आणि भिंग लावलं. खालच्या कोपऱ्यातले दोन दाते मागं दुमडून, तिकीट वहीत डकवायच्या कागदी चिकटपट्टीखाली दबले होते. मुडप. बत्तीस वर्षांपूर्वी ती तिनं उसवलीच नव्हती. त्या दिवशी दादा रागानं लालबुंद होऊन रात्रीच आला होता आणि तिनं ते तिकीट बघितलं होतं स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली. आपलेच दोन नियम, एका बैठकीत दोन्ही मोडले. भाऊ ना तो.

“दाते उलगडते,” ती म्हणाली.

“काय?” दादा.

“दाते!” वहिनी ओरडली.

“माझे काढलेत की कधीच.”

“तिकिटाचे,” बाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. “मुडपीतला रंग बघायचाय.”

दादाचा हात वहीवर आला. “तुटतील. आणि गरज काय? खाली खात्री लिहिलंयस तूच.”

“तूच तर म्हणतोस ना, माझा शब्द म्हणजे शिक्का? मग हात काढ.”

त्यानं काढला. बाईनं ओल्या टिपकागदावर तो कोपरा ठेवला, दम धरला, आणि चिकटपट्टी सुटल्यावर सुईच्या टोकानं दाते हलकेच उलटले. घड्याळजीनं मान पुढं घातली. आतला रंग नारिंगी होता. पिकल्या संत्र्याच्या सालीसारखा लख्ख.

“साधं तिकीट,” बाई म्हणाली. “काळवंडलेलं. किंमत फार नाही. घड्याळजी, तुम्ही तेव्हा बरोबर होता. चूक माझी, मी दिव्याखाली बघितलं होतं.”

घड्याळजीला बत्तीस वर्षं याच वाक्याची वाट होती, पण ते इतकं सरळ हातात पडल्यावर त्याला त्याचं काय करावं ते सुचेना. त्यानं चष्मा पुसला.

वहिनी हळूच म्हणाली, “म्हणजे मी ओरडतच मरायचं.”

“थांब, वहिनी.” बाईनं वहीचं पान उलटलं. “ही चार लहान किमतींची. यांच्या मुडपी मी मागच्या महिन्यातच बघितल्यात, याच खिडकीत; पंचविसाला तेवढा दादानं हात लावू दिला नव्हता. आतबाहेर एकच रंग, काती. पक्की नॉटपेड, दाते शाबूत, शिक्के वाचता येतात.” आणि तिनं आकडा सांगितला.

घड्याळजी उसळला. “ताई, हा जरा वरचा होतो.”

“आत्ता सख्ख्या भावाच्या तोंडावर त्याच्या सोन्याचं पितळ केलं मी. तेव्हा माझा शब्द चालला. आता नाही चालत?”

“तुमच्यापुढं घासाघीस करायला तोंड ठेवलं नाहीत तुम्ही.”

“तोंड राहू द्या, पाकीट काढा.”

त्यानं काढलं. चार तिकिटं लखोट्यात गेली. वहिनी नोटा पदराला बांधून चहा टाकायला उठली.

दादा अजून त्या नारिंगी कोपऱ्याकडे बघत होता. बाईनं रबर घेतलं आणि पंचविसाच्या खालचं आपलं अक्षर खोडलं. कागद तिथं गुळगुळीत झाला होता, बत्तीस वर्षं त्याचं बोट तिथून फिरत होतं. तिनं नव्यानं लिहिलं, “साधं. नारिंगी. दिव्याखाली बघू नये.”

“धाकटे,” दादा म्हणाला, “नॉटपेड नाही म्हणजे मग हे काय गं?”

“पाठवणाऱ्यानं पैसे आधीच भरलेलं तिकीट.” ती नेहमीच्याच आवाजात बोलली, ओरडायचं विसरून. “म्हणजे मंडळानं तुझं नाव बदलायला हवं. तू पेड आहेस.”

दादाचे खांदे हलायला लागले, मग तो मोठ्यानं हसला.

“हे बरं ऐकू आलं,” वहिनी आतून म्हणाली.