अण्णांच्या डोळ्यावरचा काळा पदर

निपाणी मागे पडली, तरी तंबाखूच्या वखारींचा उग्र वास बसच्या खिडकीतून बराच वेळ सोबत करीत होता. तवंदी घाटात मला राहून राहून नवल वाटत होते. तंबाखूतले रक्तवाहिन्या आकसवणारे द्रव्य घडवते ती वनस्पतीच. आणि मी जिच्या शोधात निघाले होते, तीही वनस्पतीच.

रसायनशास्त्राच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर मी संशोधनाला आरंभ केला. रक्तपुरवठा कमी पडला तर मेंदूला आणि डोळ्याला सावरू शकतील अशी वनस्पतिजन्य द्रव्ये, हा माझा विषय. नमुन्यांसाठी एकटीने केलेला हा पहिलाच प्रवास. वाहकाला थांबा विचारतानाही माझा आवाज चाचरला.

पिरनवाडीच्या पुढे ओढ्याकाठी ओंदेलग (आपली मंडूकपर्णी) गालिच्यासारखी पसरली होती. एवढ्याशा देठावर एकच गोल पान, आणि त्यात कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा अशी कारागिरी! मी कितीतरी वेळ नुसती पाहत राहिले.

मुक्काम बेळगावच्या वडगावात, माझ्या एका विद्यार्थिनीच्या माहेरी होता. तिचे वडील परशरामअण्णा हातमागावर साड्या विणतात. रात्री तिच्या आईने, सुमित्राक्कांनी, भाकरीबरोबर ओंदेलगाचीच चटणी वाढली.

“ह्या पानासाठनं एवढ्या लांबनं आलाय व्हय, बाई?” अण्णांनी विचारले.

एरवी दोन वाक्यांत संपणारी मी त्या दिवशी भरभरून बोलले. रक्त कमी पडले की पेशी कशा गुदमरतात, आणि या पानातली द्रव्ये त्यांना कशी जपतील अशी आशा आहे, हे सारे सांगितले. अण्णा जेवण विसरून ऐकत होते.

सकाळी मागावर सांधणी चालू होती. सांधणी म्हणजे संपलेल्या ताण्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून पिळून जोडणे. गालात तंबाखूची चिमूट धरलेल्या अण्णांची बोटे पाहत मी उंबऱ्याशी बसले होते. एकाएकी ती थांबली.

“रंगवाल्यानं परत फशीवलं! काळा पट्टा आलाय बघ सुतात.”

“कुठला पट्टा वं?” आक्का म्हणाल्या. “सगळं सूत पिवळंधमक हाय. परवाबी त्या गरिबाशी उगंच भांडून आलासा.”

“वरनं खाली उतराय लागलाय, पदर ओढल्यावानी.”

मी उठले. “अण्णा, उजवा डोळा झाका बघू.”

“आता पट्टा न्हाय दिसत. सूत पिवळंच हाय.”

“आता डावा झाका.”

“आता सगळंच काळं!”

थोड्या वेळाने तो पदर आपोआप सरला आणि अण्णा हसले.

“दोष सुतात नाही, अण्णा. तुमच्या डोळ्याला रक्त कमी पडतंय. आत्ता दवाखान्यात चला.”

“दवाखाना कशाला? काल तुमीच सांगितलासा न्हवं? पानं खातो की!”

माझेच शब्द माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“ती अजून आशा आहे, औषध नाही. हे काल सांगायचं राहिलं. उशीर झाला तर डोळा जाईल, अर्धांगवायूसुद्धा होईल.” माझा आवाज इतका चढलेला मीही कधी ऐकला नव्हता.

अण्णा जागचे हलले नाहीत. शेवटचा धागा जुळेपर्यंत सांधणीची जागा रिकामी ठेवायची नाही, ही त्या घराची रीत.

“उठा तिथनं!” आक्का कडाडल्या. “मी बसते. तुमची आईबी ह्याच जागी बसून सांधत हुती न्हवं?” त्यांनी अण्णांना जवळजवळ ढकलूनच त्यांची जागा घेतली.

रिक्षा खडेबाजारच्या गर्दीतून वाट काढत दवाखान्यात पोहोचली. तपासण्यांनंतर डॉक्टरांनी पडद्यावर अण्णांच्या डोळ्याचे आतले चित्र दाखवले. शेंदरी भुईवर, एका फिकट बिंदूतून, तांबड्या वाहिन्या फुटत फुटत गेल्या होत्या. काहीही न कापता रक्ताच्या वाटा थेट पाहता येतात, अशी शरीरातली ही एकच जागा. पुस्तकात हे मी अनेकदा वाचले होते. तरी माझे हात नकळत जोडले गेले.

“ह्यो माझा डोळा? आत एवढं पसारलंय?” अण्णा पुटपुटले.

“मानेतली शीर अरुंद झालीय,” डॉक्टर म्हणाले. “डोळ्यानं आधी खबर दिली, नशीब. पुढचा घाला मेंदूवर पडला असता. आजपासून तंबाखू बंद.” लगेच उपचार सुरू झाले आणि शस्त्रक्रियाही ठरली.

संध्याकाळी सांधणी पुरी करून आक्का आल्या, खाटेशी उभ्या राहिल्या. अण्णांनी डावा डोळा तळव्याने झाकला आणि उजव्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

“दिसतीयास की. केसात सूत अडकलंय.”

आक्कांनी तोंड फिरवले आणि पदराने डोळे टिपले.

शस्त्रक्रिया सुखरूप झाल्याचा निरोप घेऊनच मी परतीची बस धरली. मांडीवर पानांची पिशवी होती. त्या पानांविषयी वाटणारे नवल तसूभरही उणे झालेले नाही. परंतु आता प्रबंधात ‘रक्तपुरवठा’ हा शब्द लिहिताना लेखणी थांबते, आणि एका डोळ्याने आपल्या बायकोला न्याहाळणारा एक माणूस समोर येतो. त्याच्यासमोर खात्रीने सांगता येईल तेवढेच लिहायचे, असे मी ठरवले आहे.