चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मंदाताई

मराठी डीटीपीच्या दुकानात थोडी वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, ड्रॉवरमध्ये गंजक्या पिना साठतात तसे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंबरनाथ स्टेशनजवळ मंदाताईंचं दुकान आणि मी तिथे टायपिंगला. आमच्या कॉम्प्युटरवर मराठी झकास दिसायचं. दुकानाबाहेर गेल्यावर त्याचं काय होईल, याची गॅरंटी नाही!

*

वांगणीच्या एका गृहस्थांच्या मुलीची लग्नपत्रिका आम्ही केली. फाइल छापायला गेली उल्हासनगरच्या लच्छूशेठकडे. त्यांच्या मशीनवर आमचा फॉन्टच नव्हता. नवरीच्या नावापासून हॉलच्या पत्त्यापर्यंत नुसती डॉलरची चिन्हं आणि टोप्या घातलेले इंग्लिश ए! शेठनी शांतपणे सोनेरी शाईत अख्खा गठ्ठा छापला.

नवरीचे वडील तावातावाने आले. मागून शेठही आले.

"मला वाटला नवीन फॅशन आहे," शेठ म्हणाले. "बॉर्डर बघा ना, किती छान बसली!"

पत्रिका पुन्हा छापल्या. त्या दिवसापासून फाइलसोबत फॉन्टची फ्लॉपी द्यायचीच, असा ताईंनी नियम केला.

*

बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आमचं गिऱ्हाईक. त्यांना नोटीस ईमेलने पाठवायची हौस. पाण्याची टाकी धुणार, मीटिंगला या, एवढाच मजकूर. फ्लॉपी काही ते घरोघरी वाटणार नव्हते. सगळ्यांकडे उघडला तो नुसता कचरा.

कधी नव्हे ती मीटिंग तुडुंब भरली! सेक्रेटरी काहीतरी लपवतोय, अशी सगळ्यांची खात्री झाली होती.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी हजर. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "मॅडम, पुढची नोटीसपण ह्याच फॉन्टमध्ये द्या!"

*

मग युनिकोड आलं. एकदा लिहा, कुठेही वाचा. आता सगळं युनिकोडमध्येच, असा ताईंनी हट्टच धरला. पहिली मेल लच्छूशेठना. त्यांचा लगेच फोन.

"मंदा बहन, आपने तो बाथरूम की टाइल्स भेजी है!"

त्यांच्या स्क्रीनवर सगळे चौकोन. ताई विंडोजची सीडी घेऊन उल्हासनगरला गेल्या आणि मराठी दिसेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"इतनी मेहनत काहे को? इंग्लिश में लिखो ना," शेठ म्हणाले.

"माझे दादा इंग्लिशमध्ये गात नाहीत," ताई म्हणाल्या.

दादा म्हणजे ताईंचे वडील. कारखान्यातून रिटायर झालेले. भीमजयंतीला स्वतः रचलेली गाणी गायचे. एकही कागदावर नाही, सगळी तोंडपाठ. आता त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. जीवाला धोका नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी ताईंना सगळी गाणी टाइप करायची होती.

*

पण दादा नुसते शब्द सांगेनात.

"कोरसशिवाय गाणं चढत नाही, मंदे."

मग काय, दादा स्टुलावर, ताई कीबोर्डवर आणि कोरसला मी, झेरॉक्सला आलेली माणसं आणि बिल द्यायला आलेले लच्छूशेठ! शेठना शब्द येईनात, पण आवाज सगळ्यांत मोठा. जातीचा दाखला झेरॉक्स करायला आलेली एक कॉलेजची मुलगी तीन गाणी होईपर्यंत थांबली. शेवटी दाखला विसरून गेली.

*

फॉन्टची कटकट नको, म्हणून ताई नोटपॅडमध्ये टाइप करत होत्या. सेव्ह करताना इंग्लिशमध्ये एक लांबलचक सूचना आली. अशा सूचनेला आपण सगळे जे करतो तेच ताईंनी केलं. ओके!

सकाळी फाइल उघडली. शब्दांमधल्या जागा शाबूत, ओळी शाबूत, कडवी शाबूत. अक्षरं मात्र एकूण एक प्रश्नचिन्हं! दुपारी दादांना ॲडमिट व्हायचं होतं. मला रडू आलं. ताईंनी स्क्रीनवर विश्वास न ठेवता प्रिंट काढली. कागदावरही तेच.

तेवढ्यात दादा आले. "जय भीम" केलं आणि प्रिंट हातात घेतली. मागोमाग लच्छूशेठ, दादांना भेटायला.

ताईंनी डोळे पुसले, नवी फाइल उघडली आणि रिकामी असतानाच ती नीट, मराठी अक्षरं टिकवणाऱ्या यूटीएफमध्ये सेव्ह केली.

"दादा, जमेल?"

दादांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट प्रश्नचिन्हांवरून सरकत गेलं आणि बसक्या आवाजात गाणं सुरू झालं. एक कडवं झालं. ताईंची बोटं पळत होती. मग दादा मध्येच थांबले. कागद शेठच्या नाकासमोर धरला आणि प्रश्नचिन्हांच्या एका आखूड ओळीवर टिचकी मारली.

"शेठ, झोपलात का? इथं कोरस आहे!"