हारुकोने शिकवलेली पेज

देवाशी बोलणं मी आयुष्यात एकदाच टाकलं, आणि तेही परक्या मुलखात, लेकीच्या घरी.

माझी मुलगी मृणाल कुवेतला नर्स आहे, जावई बँकेत. तिथल्या सलवा भागात त्यांचा फ्लॅट. आधी दोनदा तिला दिवस राहिले आणि गेले होते. या खेपेला पाचवा महिना लागला तरी उलट्या थांबेनात, तेव्हा जावयांनी मला चिपळूणहून बोलावून घेतलं. मी मोठ्या उमेदीने गेले. माझ्या हातचं खाल्लं की पोर सावरेल, याची मला खात्रीच होती. मऊ भात, मुगाचं कढण, ताकाची कढी, सगळं करून पाहिलं. पण फोडणीचा वास आला की ती खोलीचं दार लावून घ्यायची. "आई, नको गं तो वास," म्हणायची, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दोन घास खायची. तेही ठरायचे नाहीत. वजन असंच उतरलं तर बाळाची वाढ खुंटेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावला नाही. दत्तमहाराजांच्या तसबिरीपुढे नुसती उभी राहिले. रोज मी मागायचे, माझ्या हातचं तिला पचू दे. त्या दिवशी म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही. आता तुमचं तुम्ही बघा." यात भक्ती वगैरे काही नव्हती, निव्वळ राग होता.

त्याच दिवशी क्लिनिकमध्ये मृणालला सलाईन लावलं आणि मी बाहेर बाकावर बसले. डोळे वाहत होते. शेजारी काळा पायघोळ अबाया घातलेली एक म्हातारी कुवेती बाई येऊन टेकली, सोबत तिची सून. सून चेहऱ्यावरून जपानी दिसत होती.

"क्यूं रोता?" म्हातारीने विचारलं. तिच्या वडिलांचा मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदी येई. मी सगळं सांगून टाकलं. तिने ते अरबीत सुनेला सांगितलं. सून हळू आवाजात काहीतरी बोलली. म्हातारी माझ्याकडे वळली. "ये बोलता, इसका माँ जपान में बीमार को ऐसा चावल देता, बास नहीं आता. कल घर आव."

अनोळखी घरी कसं जावं, मला कळेना. जावई म्हणाले, "आई, जाऊन तर या. मी सोडतो."

रुमैथिया भागातलं ते घर मोठं होतं, पण सुनेने, हारुकोने, मला थेट स्वयंपाकघरातच नेलं. मुलगा शिकायला जपानला गेला आणि हिला घेऊन आला, असं म्हातारीने कौतुकाने सांगितलं. सगळे म्हातारीला 'यम्मा' म्हणजे आई म्हणत, मीही म्हणू लागले. हारुकोने समुद्रातल्या शेवाळाची वाळवलेली काळपट पट्टी गार पाण्यात आधीच भिजत टाकली होती. ते पाणी मंद आचेवर ठेवलं आणि उकळी फुटायच्या आत पट्टी काढून घेतली. धुतलेले तांदूळ त्याच पाण्यात घालून झाकण ठेवलं. ना तेल, ना जिरं. मी सवयीने डाव हातात घेतला, तशी ती घाईने "ला, ला!" म्हणाली, नको, नको.

"हाथ मत लगाव," यम्मा खुर्चीतून म्हणाली. "अपने से होता."

जन्मभर मी पातेल्याशी उभी राहून ढवळत आले. ते झाकलेलं भांडं नुसतं बघत बसणं फार जड गेलं. पण बसले. झाकण काढलं तेव्हा दाणा न् दाणा फुललेला, पाणी दुधासारखं, आणि वास जवळजवळ नाहीच. वर खारवलेल्या आंबट फळाचा एक तुकडा.

डॉक्टरांना विचारून मी ती पेज मृणालपुढे ठेवली आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून खिडकीपाशी गेले. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "आई, अजून आहे?"

उलटी झाली नाही. मी पदर तोंडाला लावून रडले.

मग मी रुमैथियाला जातच राहिले. वाफवलेला भोपळा, टोफूचं पातळ सूप, एकेक शिकत गेले. हारुकोची आई आता नाही. तिच्याकडून शिकलेलं कुणाला तरी शिकवायला मिळालं, म्हणून तीच माझे आभार मानायची, वाकून. मला अगदी लाजल्यासारखं व्हायचं.

एकदा यम्माला विचारलं, त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात कशासाठी आला होता? ती हसली. "दूसरा डॉक्टर का पास जाने का था. ड्रायवर गलत जगह छोड़ा. पैर दुखता था, तो बैठा."

घरी येऊन मी त्या सकाळनंतर पहिल्यांदाच दिवा लावला आणि हात जोडले.

नात पूर्ण दिवसांची, धडधाकट जन्मली. यम्माने तिच्या कानाशी तिची दुआ म्हटली, मी अंगारा लावला. हारुको पायांशी उभी राहून बाळाचे इवलेसे तळवे न्याहाळत होती.

आजही मी महाराजांकडे मागते, माणूस आहे, मागणारच. पण ते कुणाच्या हातून द्यायचं, हे आता त्यांना सांगत नाही.