श्यामकांतच्या युद्धात कोणी मरत नव्हतं

आमच्या बिल्डिंगमध्ये युद्ध चालू होतं तेव्हा मी वार्ताहर होते. वय त्रेसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि दर रविवारी मी बर्फाच्या डोंगरात जीपवर बसून बातमी पाठवायचे. चित्रात, अर्थात. हा सगळा उद्योग श्यामकांतचा.

श्यामकांत सातोसे आणि मी जोगेश्वरी पूर्वेच्या एकाच चाळीत वाढलो. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा तो सहाव्या मजल्यावर गेला, मी तिसऱ्या. मी ब्लाऊज शिवते. जानकी टेलर कुठे म्हणून अजून बायका रिक्षावाल्याला विचारत येतात. तो गणपतीच्या देखाव्यांचे पडदे रंगवायचा. कधी कैलास, कधी रायगड, कधी पाण्यातली द्वारका. अख्खा श्रावण शिडीवर काढायचा, आणि विसर्जन झालं की मंडळाची पोरं तेच पडदे उतरवून त्यात खुर्च्या गुंडाळायची. पुढे फ्लेक्स आले आणि तेही काम गेलं. लग्न त्याने केलंच नाही. जन्मभर चित्रं काढली, पण आज दाखवायला त्याच्या हातचं एकही चित्र शिल्लक नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं. बोलायचा नाही, पण दुसऱ्यांच्या घरातली कॅलेंडरंसुद्धा तो असा बघायचा की मला समजायचं.

मग एक दिवस त्याने ड्रॉइंग पेपरचा गठ्ठा आणला आणि युद्धाचं कॉमिक काढायला घेतलं. सीमेवर एक तुकडी आहे, आणि तिच्यासोबत राहणारी ऋतिका नावाची वार्ताहर आहे. जवान लढतात, ही त्यांच्यामागून खंदकात उतरते, काय खाता, घरी काय सांगून आलात, असं विचारत फिरते. मी म्हटलं, अरे, सरळ एखादा शूर कॅप्टन घे ना, बातमीवाली कशाला?

तो म्हणाला, "बंदूकवाला फक्त समोर बघतो गं. बातमीवाली सगळ्यांकडे बघते."

पण एक लफडं होतं. श्यामकांतला मनाने चेहरा काढता यायचा नाही. डोंगर काढेल, ढग काढेल, हत्ती काढेल, चेहऱ्याला मात्र समोर माणूस पाहिजे. त्यामुळे भारताची ती शूर तुकडी आमच्या बिल्डिंगमधून भरती झाली. ऋतिका मी. त्याने माझी तीस वर्षं पुसून टाकली आणि मी त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही. सुभेदार म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काशीरामदादा, मूळचे मालवणचे, एकेकाळी गिरणीत होते. चौथ्या मजल्यावरच्या द्रौपदीबाईंना त्याने मिशा लावून वायरलेसवर बसवलं, कारण त्यांचा आवाज खालच्या गेटपर्यंत जातो.

बर्फ त्याने कधी पाहिला नव्हता. म्हणून द्रौपदीबाईंचा फ्रीज उघडून, फ्रीझरमध्ये डोकं घालून तो अर्धा तास बर्फाचा अभ्यास करत बसला. त्यांचे बोंबील पाघळले ते वेगळंच. गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी आणलेल्या रेतीच्या गोणी रचून खंदक झाला. डोक्यावर पातेली घालून आम्ही पोझ द्यायचो. शेजारच्या टॉवरमधले लोक खिडक्यांतून बघायचे आणि आम्हाला काही म्हणजे काही वाटायचं नाही.

रविवारी नवी पानं लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लागायची. पाणी येणार नाही ही नोटीस त्यांच्याखाली दडपली गेली, तरी कोणी बोललं नाही. लिफ्ट येऊन रिकामी वर जायची आणि आम्ही खालीच उभे, आपापलं नाक शोधत. काशीरामदादा तर भाजी आणायलासुद्धा छाती काढून जायला लागले.

एक भाऊराव तेवढे कुरकुरायचे. भाऊराव गमरे पाचव्या मजल्यावर एकटे राहायचे. पाणी खात्यातून रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये उभं राहून हिशेब मागणारा हा एकच माणूस. त्यांच्या मोरीचं पाणी द्रौपदीबाईंच्या छतातून गळायचं, त्यामुळे त्या दोघांत बोलणं बंद. कॉमिकात ते साधे शिपाई होते. बोर्डासमोर उभे राहून म्हणायचे, हा डोंगर पहिल्या पानावर डावीकडे होता, आता उजवीकडे कसा गेला?

पानांचे फोटो मोबाईलवरून फिरत फिरत मुलुंडच्या एका पोराकडे पोचले. ओजस त्याचं नाव, पुस्तकं छापायचा. तो आला, श्यामकांतच्या घरात जमिनीवर बसला, सगळी पानं वाचली, मध्येमध्ये खो खो हसला. श्यामकांत दाराला टेकून उभा, हातातल्या चहावर साय धरली तरी प्यायचं भान नाही. शेवटी ओजस म्हणाला की छापू, नक्की छापू, पण एक गोष्ट.

"काका, दोन्हीकडून गोळ्या सुटतायत आणि संध्याकाळी सगळेच्या सगळे जेवायला हजर. हे युद्ध आहे की पिकनिक? कोणीतरी जायला हवं."

श्यामकांतने मान डोलवली आणि त्याचा चेहरा पडला. कोणीतरी म्हणजे कोण? चेहरा तर आमच्यापैकीच कुणाचा तरी लागणार. पण पुस्तक होणार होतं. कोणी फाडणार नाही, कोणी त्यात खुर्च्या गुंडाळणार नाही असं त्याच्या हातचं काहीतरी राहणार होतं, आणि मधे फक्त एक मेलेला शिपाई आडवा आला होता.

बातमी फुटली आणि बिल्डिंगची वाट लागली. चित्रात मेला तो खराच गेला तर, या भीतीने जे पोझ द्यायला भांडायचे ते श्यामकांतला बघून जिन्याने पळायला लागले. त्याच्या घरी डबे सुरू झाले. घावणे काय, सोलकढी काय, एका घरातून पुरणपोळ्या आल्या, सणवार काही नसताना. काशीरामदादा सकाळी सकाळी दारात.

"माका मारू नको रे बाबा. नातीचा लगीन तोंडार इला हा."

द्रौपदीबाईंनी बोंबिलांची आठवण करून दिली. मी स्वतः किती थोर वागले ते सांगते: मी त्याला समजावलं की वार्ताहरच गेली तर पुढची बातमी कोण देणार. तो खात होता, जाड होत होता, आणि कागद कोराच होता. शेवटी मला म्हणाला, ओजसला नाही म्हणून कळवून टाकतो. इतक्या साध्या आवाजात म्हणाला की मला पुरणपोळी गिळवेना.

भाऊरावांनी हे जिन्यात ऐकलं आणि तिथेच भडकले. "मला मार," ते म्हणाले. "मी असलं काही मानत नाही. चित्र मेलं म्हणून माणूस मरत नाही, आणि एवढी शिकली-सवरलेली बिल्डिंग पातेली घालून घाबरते म्हणजे कमाल आहे."

रविवारी सकाळी सगळे गच्चीवर. वॉचमनच्या जुन्या पँटी उसवून मी गणवेश शिवला होता. भाऊराव चटईवर आडवे झाले, पायात त्यांचे पाणी खात्यातले गमबूट. नुसती धमाल. कोणी विचारतंय चहात साखर किती, कोणी म्हणतंय हुतात्म्याच्या पोटावरचं बटण लावा, मी वार्ताहर म्हणून त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसले ती आता उठणार कशी यावर पैजा. मेलेला शिपाई एकदा शिंकला, एकदा उठून सोसायटीच्या गोणी कोणी फोडल्या ते विचारून परत पडला. श्यामकांत ओरडला की हसू नका, म्हणून सगळे आणखी हसले.

हसता हसता कधीतरी लक्षात आलं की भाऊराव बराच वेळ काही बोललेले नाहीत. ऊन तोंडावर होतं तरी पापणी हलत नव्हती. तोंड किंचित उघडं. काशीरामदादांनी चहाचा कप खाली ठेवला. द्रौपदीबाई पुढे आल्या, वाकल्या, आणि पदर तोंडाशी नेऊन तशाच थांबल्या. गच्ची इतकी गप्प झाली की पाण्याच्या टाकीतला नळ ऐकू यायला लागला. मी त्यांचा हात धरून बसले होते आणि तो गार आहे की माझाच हात गार पडलाय हे मला कळत नव्हतं. द्रौपदीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आवाज न करता. फक्त श्यामकांतची पेन्सिल चालू होती, खरखर, खरखर.

मग भाऊराव घोरले.

असे दणदणीत घोरले की कबुतरं उडाली. आम्ही जे हसत सुटलो ते जमिनीवर बसलो, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घातले, द्रौपदीबाई रडता रडता हसत म्हणाल्या, मेला थेरडा. भाऊराव उठून चष्मा शोधत विचारत होते की झालं का, आणि चहा आहे का.

ते पान बोर्डावर न लावता थेट ओजसला पाठवलं आणि त्याचा संध्याकाळीच फोन आला. पुस्तक दोन महिन्यांत छापून आलं. श्यामकांतने खोका उघडला, एक प्रत काढली आणि नाकाला लावली. नंतर ती दोन्ही हातांनी दाबून बघितली, फाटते का म्हणून असेल. "हे आता कोणी उतरवणार नाही," मला म्हणाला, आणि रडला, मीही रडले.

खाली लिफ्टजवळ एकच झुंबड, जो तो आपलं पान शोधतोय. भाऊराव उखडले होते. मरणाच्या पानावर त्यांचे फक्त बूट होते. कोपऱ्यात दोन गमबूट, आणि बाकी सगळ्या पानभर आम्ही, खाली बघणारे.

"मारलंस ते मारलंस, चेहरापण नाही?" ते श्यामकांतवर ओरडले. मग चष्मा वर करून त्यांनी पान जवळ धरलं. एकेक चेहरा बघत गेले. द्रौपदीबाईंवर बराच वेळ थांबले. श्यामकांतच्या हातून द्रौपदीबाईंच्या मिशा त्या पानावर काढायच्या राहूनच गेल्या होत्या.

"तुम्ही हे असे उभे होतात सगळे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग मला उठवलं का नाही कोणी?"

मी म्हटलं, "भाऊराव, भीती वाटली. हाक मारली आणि तुम्ही उठलाच नाहीत तर?"

पान उघडं ठेवूनच त्यांनी पुस्तक श्यामकांतसमोर धरलं आणि बुटांजवळच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे सही कर," म्हणाले. श्यामकांतने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि कितीतरी वेळ त्याला सही करता येईना.